आयरिश लेखिकेची मावशी

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये माझी नोकरी गाडीच्या दाराच्या आवाजाची आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण दार लावल्यावर जो 'धप्' असा आवाज येतो, तो ऐकूनच बरीच माणसं गाडी चांगली की वाईट ते ठरवून टाकतात. तो आवाज तसा यावा म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सात जण दिवसभर दारं उघडतो आणि लावतो.

भाषांतराकडे मी वळले ते पीएचडीच्या शेवटच्या वर्षात, प्रबंध लिहून होत नव्हता म्हणून. घर सोडून चाललेल्या कुणीतरी आमच्या जिन्यात पुस्तकांचं एक खोकं ठेवलं होतं, हवं ते घेऊन जा अशी चिठ्ठी लावून. त्यातली एक इंग्रजी कादंबरी मी उचलली. लांड्सहूटला जाताना रेल्वेत ती उघडली आणि लांड्सहूट कधी मागे पडलं ते कळलंच नाही, थेट म्युनिकला उतरले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक खेडं, तिथलं छोटं पोस्ट ऑफिस, ते चालवणारी एक करड्या शिस्तीची 'आँट' आणि काउंटरच्या मागे वाढणारी एक मुलगी. फार काही घडत नव्हतं. तरी मला त्या मुलीला सोडून खाली उतरवेना.

त्या वेळी माझ्या सासूबाई नागपूरला एकट्याच होत्या. सरकारी दवाखान्यात तीसएक वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर दिवस खायला उठला होता. फोनवर बोलायला विषय पुरेनात, म्हणून मी त्यांना ही कादंबरी मराठीत करून वाचून दाखवायला लागले. रोज पान-दीड पान. वाचून झालं की त्या म्हणायच्या, "मंग पुढं काय झालं?" पुढचं भाषांतर झालेलं नसायचं, मग ते करावं लागायचं. अशा रीतीने अख्खं पुस्तक झालं. पुण्याच्या एका प्रकाशकाने ते छापायची तयारी दाखवली आणि माझा प्रबंधही, का कोण जाणे, त्याच वर्षी पुरा झाला.

पुस्तक छापायला जायच्या आधी एक पत्र आलं. आमच्याच गावात, डोनाऊ नदीच्या काठाला, भाषांतरकारांसाठी चालवलेलं एक घर आहे. तिथे या लेखिका पाच दिवस येणार होत्या आणि त्यांची पुस्तकं निरनिराळ्या भाषांत नेणाऱ्या मंडळींनी त्यांच्यासोबत एका टेबलाशी बसून शंका विचारायच्या होत्या. बाकीचे सगळे परगावाहून, परदेशातून येणार होते. सहा नंबरच्या बसने येणारी मी एकटीच. ऑफिसात मी आठवडाभराची उरलाउप म्हणजे रजा टाकली. कशासाठी, असं बॉसने विचारलं तर म्हटलं, शब्दांसाठी. तो 'आल्झो', म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाला आणि सही केली.

योगायोग असा की सासूबाई नेमक्या तेव्हाच तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्या दिवशी सकाळची वंदना आटोपून त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईला विचार, त्या पोरीला येवढी मारून-मुटकून शिस्त लावली तं तिची आँट स्वतः कधी हसली होती का नाही?"

लेखिका खोलीत आल्या तेव्हा मला वाटलं चहा द्यायला कुणी आलंय. साठी उलटलेली बुटकी बाई, पुरुषी घेराचा स्वेटर, केस पावसाने चपटे झालेले. त्यांनी खरंच आधी सगळ्यांसाठी चहा ओतला आणि मग खुर्चीत बसल्या. मी त्यांना इंग्रजीत नावाने हाक मारावी असं त्यांचं म्हणणं होतं. मारली मी, पण मनात त्या 'बाई'च राहिल्या.

त्यांच्या उजव्या हाताला त्यांचे जर्मन भाषांतरकार बसले होते. सत्तरीचे, टापटिपीचे गृहस्थ. बाईंची चारही पुस्तकं त्यांनीच जर्मनमध्ये आणली होती आणि बाईंना मायदेशापेक्षा जर्मनीत जास्त वाचक मिळाले ते त्यांच्यामुळे, असं सगळेच म्हणत. त्यांच्या शंकांची यादी टाइप केलेली, क्रमांक घातलेली, समासासकट. माझ्या शेजारी तुर्की भाषांतरकर्ती होती, बर्लिनमध्ये वाढलेली, मोठ्यांदा हसणारी.

पहिल्याच सत्रात माझी शोभा झाली. त्या कादंबरीत चादरी धुवून वाळल्या की आँट त्या 'प्रेस'मध्ये ठेवते, असं वारंवार येतं. आमच्याकडे प्रेस म्हणजे इस्त्री. त्यामुळे माझ्या मराठी पुस्तकात त्या घरातल्या चादरी दर चार पानांनी इस्त्रीला जात होत्या. चौदाव्या प्रकरणात तर ती मुलगी एक पत्र 'प्रेस'मध्ये लपवते. इस्त्रीवाल्याकडे कुणी पत्र का ठेवेल, यावर मी बराच विचार केला होता आणि शेवटी 'तो विश्वासू असावा' असं स्वतःला समजावून पुढे गेले होते. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा बाई आधी गोंधळल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

"आमच्याकडे प्रेस म्हणजे कपाट," त्या म्हणाल्या. "साधं भिंतीतलं कपाट. पण तुझा तो इस्त्रीवाला मला आवडला. तो असायला हवा होता."

जर्मन गृहस्थांनी हळूच कबूल केलं की पहिल्या आवृत्तीत त्यांचाही घोळ झाला होता. तुर्की बाईंनी तर चादरींवर वजन ठेवलं होतं. त्या हसण्याने माझी भीड चेपली आणि जेवणानंतर मी माझी मुख्य शंका काढली.

"ही जी आँट आहे," मी विचारलं, "ती मुलीच्या आईची बहीण की वडिलांची? की काकाची बायको?"

"त्याने काय फरक पडतो?" बाईंनी सहज विचारलं.

मी समजावलं. मराठीत या सगळ्या बायकांना एक शब्द नाही. आईची बहीण मावशी, वडिलांची बहीण आत्या, काकाची बायको काकू, मामाची बायको मामी. एक शब्द निवडला की घराचा सगळा नकाशा ठरतो. आत्या म्हटलं तर ते घर बापाकडचं, तिचा मुलीवर एक तऱ्हेचा हक्क. मावशी म्हटलं की आईच तिच्यातून डोकावते. सासूबाईंना वाचून दाखवताना मी 'आँट'च म्हणत आले होते, पण छापायच्या प्रतीत तीनशे पानं 'आत्या' लिहिलं होतं, कारण ती कडक होती. पण मला खात्री नव्हती.

"जर्मनमध्ये टान्टे," जर्मन गृहस्थ म्हणाले. "प्रश्नच नाही."

"तुर्कीत आहे प्रश्न," शेजारीण म्हणाली. "पण मीही वडिलांचीच बहीण केली. माझं पुस्तक छापून तीन वर्षं झाली. आता मला काही सांगू नका."

सगळे पुन्हा हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "मला माहीत नाही." मग चष्मा घातला, उठल्या आणि बाहेर गेल्या. अर्धा तास झाला तरी परत आल्या नाहीत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जर्मन गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बारा वर्षांत मी त्यांना हजार शंका विचारल्या असतील. त्या उठून कधी गेल्या नव्हत्या." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की तक्रारीने, ते मला कळलं नाही.

दिवस संपल्यावर मी बसस्टॉपवर उभी होते तर बाई छत्री घेऊन चालत आल्या. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"तुझ्या घरी हे चारही शब्द वापरणारं कुणी आहे का?"

"माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं.

"मला भेटव त्यांना."

बसमधून मी घरी फोन केला. सासूबाईंनी एकच विचारलं, "जेवली का ती?" आणि आम्ही पोचेपर्यंत वांगं गॅसवर भाजायला घेतलेलं होतं. एशियन दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या त्या थापत होत्या. बाईंनी स्वयंपाकघरातच स्टूल ओढलं. पुढचे दोन तास मी दोघींच्या मध्ये उभी राहून दुभाष्याचं काम केलं, आणि ते टेबलावरच्या कामापेक्षा अवघड होतं. कारण सासूबाईंना आडपडदा ठाऊक नाही.

"विचार, काय काम करायची आधी."

बाई एका जिल्ह्याच्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. बावीस वर्षं. हे मी सांगितलं मात्र, सासूबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकून त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"डार्करूमवाली?"

"डार्करूम!" हा शब्द बाईंना मध्यस्थाशिवाय कळला. मग दोघी मला सोडून सुटल्या. प्लेट, फिल्म, फ्रॅक्चर, प्लास्टर, एवढ्या शब्दांत बरंच काही बोलता येतं. पेशंट श्वास रोखून धरतो आणि मग सोडायचाच विसरतो, याचं सोंग बाईंनी करून दाखवलं. सासूबाईंनी लगेच त्यांचा पेशंट करून दाखवला. मी चटणी वाटून घेतली.

एक्स-रेच्या मोठ्या तपकिरी पाकिटांच्या पाठीवर बाई गोष्टी लिहायच्या. दोन पेशंटांच्या मध्ये चार ओळी. पहिली कादंबरी तशीच झाली. ती प्रकाशकांकडून इतकी वर्षं परत येत राहिली की पोस्टमननेच एकदा 'या खेपेला पातळ लागतंय, उत्तर चांगलं असेल' असं म्हटलं होतं. शेवटी एका नवरा-बायकोने चालवलेल्या प्रकाशनाने ती काढली तेव्हा बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. पुस्तकाला एक मोठं बक्षीस मिळता मिळता राहिलं, आणि त्या मिळता मिळता राहण्यानेच नाव झालं. तरी दुसरं पुस्तक येईपर्यंत त्यांनी नोकरी सोडली नाही. पेपरवाले इस्पितळात फोटो काढायला आले तर त्या म्हणाल्या, इथे फोटो मी काढते.

"न् ती आँट?" सासूबाईंनी विचारलं. "खरीच होती का?"

मी अडखळले. सासूबाई म्हणाल्या, "विचार ना बेटा. त्यासाठीच तं आली ती."

खरीच होती. बाई चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. वडील इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कामावर असायचे. त्यांनी मुलीला पोस्ट ऑफिसवाल्या बाईकडे आणून सोडलं. तिला आँट म्हणायचं असं सांगितलं, आणि मुलगी तिला तेच म्हणत सोळा वर्षं तिथे राहिली. ती कुणाची बहीण, हे मुलीने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. वडील पुढे फारसे आलेच नाहीत. पहिलं पुस्तक निघण्याआधीच आँट वारली.

"इतक्या मुलाखती झाल्या," बाई म्हणाल्या. "सगळे पावसाबद्दल विचारतात. चर्चबद्दल विचारतात. ती कुणाची कोण, असं आज पहिल्यांदा कुणी विचारलं. आणि मला उत्तर देता येईना. तिचं आडनाव ना माझ्या आईचं होतं, ना वडिलांचं."

"शेजारीण असंल."

"आमचं घर दुसऱ्या गावात होतं."

"मंग काहून ठेवून घेतलं तिनं परक्याच्या पोरीला?" सासूबाईंनी गॅस बंद केला. "माहीत असणारं कोणी जित्तं आहे का तिकडं?"

बाईंना एक जण आठवला. त्या पोस्टात टपाल वाटणारा माणूस होता, तोच तो पातळ पाकीटवाला. नव्वदी ओलांडलेला, पण लेकीकडे ठणठणीत होता.

"मग लाव ना फोन," सासूबाई म्हणाल्या. "आताच लाव. नव्वदीच्या माणसाले उद्यावर ठेवू नये."

हे मी जरा मऊ करून सांगितलं. पण बाईंना मूळ सूर कळला असावा. त्यांनी पर्समधून फोन काढला, एकदा माझ्याकडे आणि एकदा भाकरीच्या टोपलीकडे बघितलं आणि नंबर फिरवला.

त्या फोनमधलं मला काही कळलं नाही. म्हातारबुवांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे बाई ओरडून बोलत होत्या, आणि त्यांचे इंग्रजी उच्चार घरच्या वळणावर गेले होते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने पाय आपटून रुहेत्साइटची, म्हणजे शांततेच्या वेळेची, आठवण दिली. मी बाईंचा चेहरा बघत होते. एका जागी त्या ओरडायच्या थांबल्या. नुसत्या ऐकत राहिल्या. मग एकदम हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

फोन ठेवल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. आँट कुणाचीच बहीण नव्हती. ती आणि बाईंची आई, दोघी सतरा-अठराच्या असताना समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होत्या. धुलाईखात्यात. दोन उन्हाळे दोघींनी एका खोलीत काढले. आईचं लग्न ठरलं तेव्हा करवली तीच. आणि आई इस्पितळात होती तेव्हा तिनेच सांगून ठेवलं होतं, माझी पोरगी हिच्याकडे राहील. म्हातारबुवा म्हणाले, हे तर गावात सगळ्यांनाच माहीत होतं. आम्हाला वाटलं तुलाही माहीत असेल, पुस्तकं लिहितेस ना तू?

"त्याने आणखी एक सांगितलं," बाई म्हणाल्या. "रविवारी दोघी हॉटेलच्या मागच्या खडकांवरून समुद्रात उड्या मारायच्या. आँट! जिने मला कधी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही." त्या घोटभर पाणी प्यायल्या. "मी चादरींच्या घड्यांवर चार पानं लिहिली आहेत. ती मला दुसरं टोक धरायला बोलवायची आणि टोकाला टोक जुळलं नाही की रागवायची. मी ते निर्दयपणा म्हणून लिहिलं."

ही पानं सासूबाईंनी फोनवर ऐकली होती. त्यांनी ताटं घेतली, भरतावर तेल सोडलं आणि मग म्हणाल्या, "आईची मैत्रीण म्हणजे मावशीच की. याच्यात विचारायचं काय होतं?"

मी भाषांतर केलं. बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'माउशी' असा त्यांचा उच्चार येत होता. "म्हणजे रक्ताचं नातं नसलं तरी चालतं?"

"चालतं काय, पळतं," सासूबाई म्हणाल्या. हे काही मला इंग्रजीत करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बाईंनी सगळी हकिगत स्वतःहून सांगितली. तुर्की शेजारणीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिच्या भाषेतही आईच्या मैत्रिणीला मावशीचाच शब्द चालतो, आणि तिच्या पुस्तकात ती तीन वर्षं आत्या होऊन बसली होती. ती तिथूनच बाहेर जाऊन इस्तंबूलला प्रकाशकाला फोन लावून आली. दुसऱ्या आवृत्तीत बदलू म्हणाले, पण आधी दुसरी आवृत्ती तर निघू दे म्हणाले. जर्मन गृहस्थ "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणत राहिले. त्यांच्या टान्टेला काहीच झालं नव्हतं. मात्र मधल्या सुट्टीत मी त्यांना खिडकीशी बाईंना विचारताना ऐकलं, "त्या हॉटेलच्या धुलाईखात्यात यंत्रं होती की हाताने धुवायचे?" आणि उत्तर ते वहीत टिपून घेत होते.

"कशाला लिहून घेताय?" बाईंनी विचारलं. "चौथं पुस्तक शेवटचं, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"हो, सांगितलंय," ते म्हणाले. "मीही निवृत्त झालोय."

मी घरी येऊन आत्याची मावशी केली. नुसता शब्द बदलून भागलं नाही. आत्या ज्या वाक्यात हुकूम सोडते त्याच वाक्यात मावशी नुसती घाईत असते. चादरींची चार पानं तर मी पुन्हा पहिल्यापासून केली, मूळ इंग्रजीतला एकही शब्द न सोडता, आणि सासूबाईंना समोर बसवून वाचली. त्या म्हणाल्या, आता बरोबर रागवून राहिली ती. इस्त्रीवालाही काढला. त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

मराठी पुस्तक निघालं तेव्हा सासूबाई नागपूरला परतल्या होत्या. त्यांनी त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या एक्स-रे विभागात एक प्रत नेऊन दिली आणि तिथल्या माणसाला बजावलं, वाच, तुझ्यासारख्याच बाईनं लिहिलं आहे. त्याने वाचलं की नाही ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. बाईंनी मात्र त्यांना एक लांबलचक पत्र पाठवलं. ते मी फोनवर वाचून दाखवलं. त्या उन्हाळ्यात बाई समुद्राकाठच्या त्या गावी जाऊन आल्या होत्या. हॉटेलची आता सदनिकांची इमारत झाली होती, पण खडक तिथेच होते. त्या पाण्यात गेल्या. उडी नाही मारली, पायरी पायरीने उतरल्या. पाणी इतकं गार होतं की तोंडातून शिवी निघाली, आणि काठावर बसलेल्या एका कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

गेल्या महिन्यात त्यांचं नवं हस्तलिखित आलं. पाचवं पुस्तक. हॉटेलच्या धुलाईखात्यातल्या दोन मुली, एका खोलीत दोन खाटा, वाफ, साबण, रविवार. पानोपानी दोघी एकमेकींना हसवतात. मी शनिवारी सकाळी सुरुवात केली. नवरा बाजाराला गेला होता, घरात शांतता होती, दुपारपर्यंत सहा पानं झाली. मग एका यंत्रापाशी अडले. ओल्या चादरी दोन रुळांमधून पिळून काढायचं काहीतरी होतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला कुठल्याच भाषेत माहीत नव्हतं.

जर्मन गृहस्थांना विचारावं असं वाटलं. पण ते निवृत्त. घाबरत घाबरत फोन केला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"रूळ दोन नाहीत, तीन आहेत," ते म्हणाले. "पुढे पुन्हा येतं ते. माझं ऐंशीवं पान चालू आहे."